बांधावरचा ऊस आणि आतला ऊस

रानात मोकळी जागा दिसली की आमच्या सासऱ्यांना चैन पडायचं नाही. दोन सऱ्यांच्या मध्ये माती उघडी दिसली तरी त्यांना वाटायचं, आपलं काहीतरी वाया चाललंय. जेवतानासुद्धा तेच. ताटात भाताशेजारी जागा राहिली की म्हणायचे, "हितं काय तरी वाढ की गं, ताट उघडं दिसतंय."

मी पाटणकडची. कोयनेच्या खोऱ्यातलं आमचं गाव, सगळी भाताची खाचरं. माझे वडील चारसूत्री पद्धतीनं भात लावायचे. खुणा केलेली दोरी चिखलावर ताणायची, खुणेखुणेवर रोपं लावायची आणि चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मधोमध खताची गोळी बोटानं चिखलात दाबायची. लहानपणी दोरीचं एक टोक माझ्या हातात असायचं. दोरी जरा ढिली पडली की पलीकडून वडिलांची हाक यायची. दोन रोपांत अंतर ठेवायचं असतं, खत वर उधळायचं नसतं, मुळाशी गाडायचं असतं, हे मला कुणी शिकवल्याचं आठवत नाही. ते असंच असतं, एवढंच ठाऊक होतं.

लग्न होऊन शिराळ्याच्या अलीकडे, वारणेच्या पाण्यावर जगणाऱ्या ऊसपट्ट्यात आले. इथं सगळंच उलटं. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा. घरात सासरे, सासूबाई आणि मी. आमच्याकडच्या रिवाजानं सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. रानातली निम्मी कामं हळूहळू माझ्याकडे आली, पण लावण आणि खत या दोन गोष्टी मामांनी कुणाच्या हातात दिल्या नाहीत.

त्या वर्षी रस्त्याकडेच्या रानात आडसाली लावण होती, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायचा ऊस. ट्रॅक्टरवाल्याकडून मामांनी तीन तीन फुटांवर सऱ्या सोडून घेतल्या आणि टिपरी, म्हणजे बेण्याचे तुकडे, अशी टाकली की एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्यावर. मी बांधावर उभी होते. न राहवून म्हटलं, "मामा, आवं जरा लांब लांब टाकायची न्हाईत का? आमच्याकडं भाताला सुद्धा यवढी दाटी नसती."

मामा हसले. "पोरी, भात ही भाताची गोष्ट. उसाला कांडी तेवढी टनेज. जागा मोकळी सोडायला हे काय कुस्त्यांचं मैदान हाय?"

बेणं टाकणाऱ्या बायका हसल्या. मीही हसले. त्यांचा सगळा जन्म उसात गेलेला, माझा भातात. 

खताच्या बाबतीत तर त्यांची बांधाशेजारच्या शेतकऱ्याशी चढाओढच होती. हा शेजारी माझ्या नवऱ्याच्या वयाचा, भावकीतलाच. त्यानं एक पोतं टाकलेलं दिसलं की मामा दोन टाकायचे. भरणीच्या वेळी माती चढवताना खताचा डोस दिला, तिथं थांबायला हवं होतं. पण त्यानंतरही पाणी देऊन रान ओलं झालं की मामा घमेलं घेऊन निघायचे आणि युरिया मुठीमुठीनं पाल्यावरून फेकायचे. पांढरे दाणे पानांवरून टपटप खाली पडायचे. घरी आले की हात धुता धुता म्हणायचे, "आता बघ कसा उठतोय."

आणि ऊस खरंच उठला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो एवढा काळाभोर झाला की रस्त्यानं जाणारी माणसं मोटरसायकल थांबवून बघायला लागली. बांधालगतचा एकेक ऊस मनगटाएवढा. कुणी कुणी त्याच्याशेजारी उभं राहून फोटो काढले. मामांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मलासुद्धा वाटायला लागलं की उसाचा न्यायच वेगळा असावा, आपण भातवाले, आपल्याला काय कळतंय.

मग पावसाळ्यात एका दुपारी वारं सुटलं. फार वेळ नाही, गुरं गोठ्यात घेऊन होईस्तोवर थांबलंसुद्धा. संध्याकाळी रानात गेलो तर ऊस आडवा. काही या अंगाला, काही त्या अंगाला, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून सगळा पसरलेला. शेजाऱ्याचा थोडा वाकला होता. आमचा सपाट होता. आत्यांनी तोंडावर पदर घेतला. मामा म्हणाले, "पडला तर पडला. वजन कुठं पळून जातंय व्हय?"



दसरा होऊन गेला होता. उकाडा होता आणि रानाला पाणी हवं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची होती. मामा न्याहारी करून गेले, मोटर चालू केली. जेवायच्या वेळेला शेजारी मोटरसायकलवर दारात आला. गाडीवरनं न उतरताच म्हणाला, "वैनी, काका कुठं हायत? तुमचं पाणी फुटून माझ्या रानात शिरलंय. सोयाबीन काढून पसारलंय, सगळं भिजाय लागलंय."

"रानातच हायत की," मी म्हटलं.

"मी हाका मारून आलो. कोण न्हाई."

मी मामांना फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. तशीच त्याच्या गाडीवर बसून रानात गेले. बांधावर मामांच्या चपला होत्या. जेवणाची पिशवी बाभळीला टांगलेली होती, डबा उघडलेला नव्हता. खोरं जागेवर नव्हतं. म्हणजे पाणी कुठं फुटलंय ते बघायला मामा खोरं घेऊन आत शिरले होते. त्या आडव्या पडलेल्या उसाच्या आत.

मी हाका मारल्या. शेजाऱ्यानं मारल्या. वाऱ्यानं पाला सळसळत होता आणि पाणी वाहत होतं, बाकी काही नाही. मी परत फोन लावला. फोन उसात वाजत होता. मामांच्या फोनची घंटी जुन्या पद्धतीची, मोठ्ठी. आवाज येत होता, पण कुठून ते कळेना. डावीकडून वाटावं म्हणून पुढं जावं तर तो मागून यायला लागायचा. तो उसाचा ढीग आवाज गिळायचा आणि भलतीकडूनच बाहेर सोडायचा. मी लावतेय, तो वाजतोय, थांबतोय, परत लावतेय. आणि मग एका वेळेला तो वाजलाच नाही. फोनमधली बाई बोलायला लागली की हा फोन बंद आहे.

त्या बाईचं बोलणं संपायच्या आतच मी परत लावला.

तोवर माणसं जमायला लागली होती. आत्या गावातून पळत आल्या. डोक्यावर पदर नाही, पायात काही नाही. त्यांनी आल्या आल्या दोन्ही हातांनी ऊस उपसायलाच सुरुवात केली. पडलेला ऊस एकमेकांत असा गुंतलेला असतो की एक ओढला तर दहा हलतात आणि निघत एकही नाही. त्यांच्या हातांवर पाल्याचे ओरखडे उठले, रक्त आलं, तरी त्या थांबेनात. दोघीतिघींनी त्यांना धरून मागं घेतलं. चारपाच गडी कोयते घेऊन आले. पण आत शिरायच्या वेळेला एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "बिबट्या तर नसंल?" आमच्या भागात हे उगीच भ्यायचं बोलणं नाही. शेजारच्या गावात तोडीच्या वेळी उसात बिबट्याची पिल्लं घावली होती. सगळे जागच्या जागी थांबले.

मी थांबले नाही. त्यात शौर्य वगैरे काही नव्हतं, मला दुसरं काही सुचतच नव्हतं. साडी खोचली आणि जिथं मातीत अनवाणी पावलं उमटलेली दिसली तिथून वाकून आत घुसले. चार पावलांत उजेड गेला. वर पाल्याचं छप्पर, खाली ओला पाचोळा, मध्ये कंबर मोडून चालायलासुद्धा जागा नाही. मग गुडघ्यावर आले. श्वास घेतला की कुबट, आंबूस वास. उसाची कुसळं मानेत, पाठीत. "मामा!" म्हणून ओरडले तर माझाच आवाज मला कानावर हात ठेवून ऐकल्यासारखा आला. आणि हात पाण्यात बुडाला.

पाणी. सरीतलं पाणी चढत होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की मोटर अजून चालूच आहे. इतकी माणसं जमली, एवढा आरडाओरडा झाला आणि मोटर बंद करायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मामा आत कुठंतरी पडलेले आणि आम्ही बांधावर उभं राहून त्यांच्या सरीत पाणी सोडत होतो. मी जीव खाऊन ओरडले, "मोटर बंद करा! आदी मोटर बंद करा!" शेजारी विहिरीकडे पळाला.

मोटर बंद झाली. तिची घरघर थांबल्यावर कळलं की ती किती मोठी होती. सगळ्यांनी श्वास रोखून धरला. आणि त्या शांततेत ऐकू आलं. टक. मग जरा वेळानं, टक. लाकूड लाकडावर मारल्यासारखं.

"त्या अंगाला!" मी ओरडले. आता कुणालाच बिबट्या आठवला नाही. गड्यांनी माझ्या मागून वाट तोडायला घेतली. मोठे घाव घालता येत नव्हते, कोयता मामांवर पडला असता. एकेक ऊस तोडायचा, मागं द्यायचा, मागच्यानं बाहेर फेकायचा. मी पुढं हातांनी पाला बाजूला करत होते. आधी मला खोऱ्याचा दांडा दिसला, मग हात.

मामा कुशीवर पडलेले. अर्धं अंग पाण्यात. पाचोळा गोळा करून त्यांनी डोक्याखाली दाबला होता, म्हणून तोंड पाण्यावर राहिलं होतं. एका हातानं खोऱ्याचा दांडा उसावर मारत होते. चेहरा चिखलानं माखलेला, ओठ पांढरे. मला बघून त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, पाणी मागतील, नाहीतर आत्यांचं नाव घेतील.

म्हणाले, "मोटर बंद केलीस का?"

वाकळेत घालून त्यांना बाहेर काढलं. घसरून पडताना खुब्याचं हाड मोडलं होतं. टेम्पोनं सांगलीला नेलं. तिथं ऑपरेशन झालं. नवऱ्याला कळवलं, त्याला रजा मिळून पोचेपर्यंत मामा शुद्धीवर आले होते. त्यातलं बरंचसं मला तुटक तुटक आठवतं.

दवाखान्यातून मी एकटी घरी आले, गुरांचं बघायला. दुसऱ्या दिवशी सकाळी रानात गेले, कारण खोरं आणि चपला तिथंच राहिल्या होत्या. गड्यांनी तोडलेली वाट तशीच होती, एखाद्या बोळासारखी. आता वरून ऊन आत पडलं होतं. मी त्या वाटेनं चालत गेले आणि मध्येच थांबले.

दोन्ही बाजूंना आमचा ऊस आतून उघडा पडला होता. बांधाजवळच्या पहिल्या दोन सऱ्यांत मनगटाएवढा जाड, लोक फोटो काढायचे तो. त्यापुढच्या सरीतला जरा बारीक. आणि त्याच्या आत, जिथं मामा पडले होते तिथं, ऊस माझ्या अंगठ्याएवढासुद्धा नव्हता. फिका, पिवळट, लांबच लांब, उजेडाला तोंड काढायच्या नादात नुसता उंच गेलेला. प्रत्येक बेटात निम्म्याहून जास्त फुटवे मरून वाळलेले. जमिनीला टेकलेल्या कांड्यांना मुळं फुटलेली, उंदरांनी पोखरलेल्या कांड्यांतून आंबलेला रस गळत होता. तोच वास होता तो. मी एका जाग्यावर उभी राहून एकदा बांधाकडं बघत होते, एकदा आत. रान तेच, बेणं तेच, पाणी तेच. बांधावरच्या उसाला रस्त्याकडून ऊन आणि वारा मिळत होता. आतल्याला नुसता युरिया मिळत होता.

इतके महिने आम्ही सगळ्यांनी, मी धरून, फक्त बांधावरचा ऊस बघितला होता. आत कुणी गेलंच नव्हतं. जाणार कुठून? वाटच नव्हती.

ऊसतोडीची टोळी आली तेव्हा मुकादमानं रान बघून कपाळाला हात लावला. पडलेला ऊस तोडायचा म्हणजे दुप्पट कष्ट. त्या बायामाणसांनी कुरकुरत, शिव्या घालत का होईना तोडला. ट्रॉल्या भरायला लागल्या तसं माझ्या लक्षात यायला लागलं की मोळ्या दिसतात मोठ्या, पण उचलायला हलक्या. टनेज आलं ते आदल्या वेळेपेक्षाही कमी. खतं आदल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त पडली होती.

मामा तेव्हा घरी, खाटेवर. त्यांना सांगितलं तर संतापले. "कारखान्यानं काटा मारला! दुसरं काय? मनगटायवढा ऊस हाय माझा. सगळ्या गावानं बघितलाय."

 मी तोडीतून ठेवून दिलेले दोन ऊस आणले आणि त्यांच्या अंथरुणावर ठेवले. एक बांधावरचा, एक आतला.

"ह्यो कुणाच्या रानातला?" त्यांनी बारीक ऊस उचलून विचारलं.

"आपल्याच. तुमी पडला व्हता तिथला."

मामा तो ऊस हातात फिरवत राहिले. नखानं कांडी दाबून बघितली. मग मान भिंतीकडं वळवली. मला वाटलं, राग आला. पण भिंतीकडं बघतच ते बोलायला लागले. त्या दिवसाबद्दल ते आधी कधी बोलले नव्हते आणि नंतरही बोलले नाहीत.

"तुझी हाक मला ऐकाय येत व्हती गं. फोन खिशात वाजत व्हता, पर हात अंगाखाली आडकल्याला. मी वरडत व्हतो. तुला जात नव्हतं ऐकू. पाणी पार गालाला लागलं. मी म्हनलं, माझंच रान, मीच लावल्यालं, आन मलाच ह्यातनं वाट घावंना." मग म्हणाले, "हातानं चाचपत व्हतो तवा ऊस ह्यो असा बोटायवढा लागत व्हता. मला वाटलं, शुद्ध हरपाय लागली म्हनून असं लागतंय."

आत्या चुलीपाशी बसल्या होत्या. त्या उठून बाहेर गेल्या.

ते रान मी खोडवा न ठेवता, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांवर पुन्हा ऊस न घेता, मोडलं. नवऱ्याला फोनवर विचारलं, तो म्हणाला, तुला पटतंय ते कर. मातीची तपासणी करून घेतली. जानेवारीत पाच फुटांवर सऱ्या सोडल्या आणि रोपवाटिकेतून एक डोळ्याची रोपं आणून दोन दोन फुटांवर लावली. लावताना मी दोरीच धरली, माहेरसारखी, दुसऱ्या टोकाला आत्या. आत्यांच्या हातात दोरी सारखी ढिली पडायची, कारण त्यांचं लक्ष रस्त्यावर असायचं, कोण बघतंय का म्हणून.

बघत सगळेच होते. "मधनं यष्टी घालायची हाय का वैनी?" एकानं विचारलं. शेजारी तोंडावर काही बोलला नाही, पण त्याची आई आत्यांना म्हणाली की सुनेनं रान भुंडं केलं. खरं सांगायचं तर मलाही ते बघवत नव्हतं. एवढंएवढं रोप आणि भोवती सगळी उघडी माती. त्यात पहिल्या महिन्यात त्या मोकळ्या जागेत तण असं माजलं की रोपं शोधावी लागायची. अंतर ठेवलं म्हणजे भांगलण वाढणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी आणि आत्या दोघी खुरपी घेऊन रोज बसत होतो.

आणि मग एका सकाळी रानात गेले तर वरच्या अंगाच्या सऱ्यांतली रोपं करपलेली. पानांची टोकं जळलेली, काही पार माना टाकून पडलेली. मला वाटलं, रोग आला. वाकून बघितलं तर बुडाला चिकटून पांढरे दाणे. युरिया. प्रत्येक रोपाच्या अगदी गळ्याशी मूठभर.

माझं डोकंच चालेना. मी खत दिलं होतं ते मोजून, रोपापासून वीतभर लांब खड्डा घेऊन, मातीआड. हे कुणी केलं? माझ्या मनात शेजाऱ्याचं नाव आलं, खोटं कशाला बोलू. तशीच तणतणत घरी आले. आत्या पीठ मळत होत्या. मी सांगितलं तसे त्यांचे हात थांबले.

"मी टाकला," त्या म्हणाल्या.

"तुमी?"

"त्यांनी सांगितलं. म्हनले, पोरगी खताला हात आखडती, रोपं उपाशी मरत्याली. तू गुमान जा आन टाकून यी." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं, खाटंवर पडल्यालं माणूस रोज तेच म्हनतंय. मी किती न्हाई म्हनू?"

खाटेवर मामा डोळे मिटून पडले होते. झोपले नव्हते.

मी भांडले नाही. दुपारी शेजाऱ्यालाच सांगून त्याची चारचाकी आणली, मामांना मागच्या सीटवर आडवं बसवलं आणि रस्त्याच्या कडेला, रानाच्या तोंडाशी नेलं. पडल्यापासून ते पहिल्यांदाच रानात आले होते. काचेतून त्यांनी करपलेली रोपं बघितली. मी एक उपटून त्यांच्या हातात दिलं. मुळं काळी पडली होती.

"जळालं की गं," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा.

"मुळाला चिकटून पडलं, मामा. यवढंसं रोप, त्याला झेपतंय का?"

"मी आपलं म्हनलं, उपाशी नको." एवढंच बोलले. घरी येईपर्यंत ते रोप त्यांनी हातातून सोडलं नाही.

मेलेल्या रोपांच्या जागी मी नवी लावली. ती शेवटपर्यंत मागं राहिली. पण बाकीच्या रोपांनी फुटवे धरले आणि उन्हाळा संपता संपता ती मोकळी माती कुठं गेली ते कळलंच नाही. पाऊस आला, वारंही आलं. बांधाकडेचा थोडा ऊस कलला. बाकीचा उभा राहिला.

गणपतीच्या आसपासची गोष्ट. मामा एव्हाना काठीनं चालायला लागले होते. सकाळी शेजाऱ्याच्या गाडीवर रानापर्यंत जायचे आणि बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचे. मी न्याहारी घेऊन गेले तर खुर्ची रिकामी. काठीसुद्धा नाही. चपला बांधावर.

माझ्या हातातला डबा खाली पडला. भाकरी चिखलात. मी उसाच्या तोंडाशी पळत गेले आणि किंचाळलेच, "मामा!"

"आगं, वरडतीस कशाला? हाय की हितं."

आवाज सरळ आला. मी सरीत वाकून बघितलं. लांब, रानाच्या मधोमध, काठीला रेलून मामा उभे होते. अंगावर पानांतून पडलेल्या उन्हाचे ठिपके. दुसऱ्या हातात फोन, तोंडासमोर धरलेला. माझ्या नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला होता. "बघ, हे बघ," ते त्याला सांगत होते, "मधी उभा हाय मी. मधला ऊस बघ. हात लावून दावतो थांब." आणि फोनमधून नवरा ओरडत होता, "आबा, तुमी बाहेर या बघू आदी!"

मी तिथंच सरीत बसले.  हसू येत होतं आणि रडू पण.

तोड झाली तेव्हा टनेज त्या पडलेल्या आडसालीपेक्षा जास्त भरलं, ते सुद्धा हा ऊस वर्षाचाच असताना. शेतकरी मेळाव्यात सांगतात तेवढं काही नव्हतं, करपलेल्या सऱ्यांनी मार दिलाच. पण मुकादम म्हणाला की तोडायला सोपा गेला, आणि टोळीतल्या बायकांनी उसाच्या शेंड्यांचं वाडं बांधताना आत्यांना हाक मारून चहा पाजला. आत्या आता रस्त्याकडे बघत नाहीत.

मला वाटलं, झालं, आता घरात या विषयावर भांडण उरलं नाही. यंदा दसऱ्यानंतर मी आठ दिवस माहेरी गेले. वडिलांचं भात झोडपायला आलं होतं. ओढ्याकडच्या तुकड्यात ऊस करायचा होता. ट्रॅक्टरवाल्याला सऱ्यांचं सांगून गेले होते. परत आले, संध्याकाळी तुकड्यात गेले आणि बघतच राहिले. दोन सऱ्यांच्या मध्ये खरंच एसटी गेली असती.

"मामा, हे काय?"

मामा बांधावर उभे, चेहऱ्यावर समाधान. "सात फूट," म्हणाले. "पाचात यवढा आला, तर सातात किती यील? जाऊ दे वारं मोकळं."

"आवं मामा, सात लय झालं! निम्मं रान रिकामं ऱ्हाईल!"

"तूच म्हनत व्हतीस न्हवं, दाटी नको?"

मी डोकं धरून बांधावर बसले. रोपं लावून झाली होती, आता उपटणार कशी? नवऱ्याला फोन केला तर तो इतका हसला की मागं त्याचे सोबती विचारायला लागले, काय झालं म्हणून. मामा रागावून घरी निघून गेले. 

सकाळी उठले तर आत्या ओसरीवर बसून सुपात हरभरा पाखडत होत्या. किडका बाजूला, चांगला पाटीत. मी विचारलं, "हे कशाला?"

"सात फुटाच्या मधी टाकूया," त्या म्हणाल्या. "दोघंबी गप बसा. आन मला दोरी धरायला कुणी तरी या."

हरभरा आता घाट्यांवर आलाय. ऊस अजून गुडघ्याएवढा आहे, त्याचं काय होतंय ते कळायला वेळ आहे.